अर्धं तिकीट, पुरती फजिती

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो. वही-पेन्सिल घेऊन बसा पाहू!

समजा, एका मोठ्या थीम पार्कचं एका दिवसाचं तिकीट आहे १००० रुपये. चार दिवसांचं एकदम घेतलं तर मात्र २४०० रुपयेच पडतात. एका गृहस्थांनी चार दिवसांचं तिकीट घेतलं. दोन दिवस ते आकाशपाळण्यात बसले, पाण्यात डुंबले, घसरगुंड्यांवरून घसरले. तिसऱ्या दिवशी सकाळीच गावाकडून निरोप आला, म्हणून त्यांना परत निघावं लागलं. तिकिटावर दोन दिवस शिल्लक! मग त्यांनी ते दोन दिवस एका अनोळखी माणसाला १५०० रुपयांना विकून टाकले.

सांगा बरं, या व्यवहारात फायदा कोणाचा झाला?

तुम्ही म्हणाल, "दोघांचाही!" हिशेब करून बघा. गृहस्थांचे खर्च झाले २४००, परत मिळाले १५००. म्हणजे दोन दिवसांची मजा त्यांना ९०० रुपयांत पडली. एकेक दिवसाची तिकिटं घेतली असती तर २००० लागले असते, म्हणजे ११०० वाचले. घेणाऱ्याचे २००० ऐवजी १५०० गेले, म्हणजे त्याचेही ५०० वाचले. दोघेही खूश. मग बिघडलं कुठं?

बिघडलं आहे, आणि चांगलंच बिघडलं आहे. कुठं ते आज आपण शोधून काढू. कारण हल्ली मोबाइलवर अशा जाहिराती भराभर येतात. "तातडीने विकणे आहे. पार्कची चार तिकिटं. जाणं रद्द झालं. निम्म्या किमतीत." मेहकरसारख्या गावातही त्या पोहोचतात. समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून जातो. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये तो थेट मुंबईजवळ पोहोचला. तेव्हापासून "दिवाळीच्या सुट्टीत खोपोलीच्या इमॅजिकाला जाऊ या का?" असा हट्ट घराघरांत सुरू झाला असेल, तर त्यात नवल नाही. हट्ट करायला माझी हरकत नाही. पण तिकीट कुठून घ्यायचं, हे मात्र नीट समजून घ्या.

सवलत माणसाला, कागदाला नाही

थीम पार्क जरा लांब राहू द्या. आधी आपल्या मेहकरच्या बसस्थानकावर या.

तुमच्यापैकी कितीतरी जण आजूबाजूच्या खेड्यांतून रोज एसटीने शाळेत येता. तुमच्याजवळ विद्यार्थी पास असतो. त्या पासावर एसटी ६६.६७ टक्के सवलत देते. म्हणजे जिथे तीन रुपये पडायचे तिथे तुम्ही एकच रुपया देता. आता समजा, महिन्याच्या पंधरा तारखेला तुम्हाला कांजिण्या आल्या. पुढचे पंधरा दिवस शाळा बंद. मग उरलेले पंधरा दिवस तुमचा पास शेजारच्या दादाने बाजारात जायला वापरला तर चालेल का?

"नाही!" तुम्ही लगेच म्हणालात ना? का नाही? पैसे तर भरलेले आहेत. बसमध्ये जागाही आहे.

कारण ती सवलत पासाच्या कागदाला दिलेली नाही. ती शिकणाऱ्या मुलाला दिलेली आहे. म्हणूनच पासावर नाव असतं, शाळेचं नाव असतं. दादाने तो पास दाखवला, तर तो "मीच तो विद्यार्थी" असं न बोलता सांगत असतो. आणि ते खोटं असतं.

एसटीचीच आणखी एक गंमत सांगतो. १९८८ पासून एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' नावाची योजना आहे. त्यात चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास मिळतो. एकदा पैसे भरा आणि तेवढे दिवस राज्यभर हवं तिथं फिरा. आज शेगाव, उद्या पंढरपूर, परवा कोल्हापूर! आपल्या कोड्यातल्या चार दिवसांच्या तिकिटाचा हा अगदी सख्खा भाऊ, नाही का? आणि त्याचाही नियम तोच आहे. ज्याच्या नावाचा पास, त्यानेच प्रवास करायचा. तीन दिवस फिरून दमलो, उरलेले चार दिवस मामाला दिले, असं करता येत नाही.

आता कोड्याकडे परत या. पार्कवाल्याने चार दिवसांचं तिकीट स्वस्त का ठेवलं? कारण त्याला ठाऊक असतं, एकच माणूस चार दिवस आला तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो दमलेला असतो. तो कमी खेळतो, सावलीत जास्त बसतो, खातो-पितो, राहायला खोली घेतो. म्हणून त्या माणसाला तो सवलत देतो. किराणा दुकानदार नेहमीच्या गिऱ्हाइकाला दोन रुपये कमी लावतो, तसंच हे. पण तिकीट मध्येच दुसऱ्याच्या हातात गेलं, की पार्कला दोन ताजीतवानी गिऱ्हाइकं मिळतात आणि पैसे मात्र एकाच दमलेल्या गिऱ्हाइकाचे! दोन वेगळ्या माणसांकडून पार्कला ४००० रुपये मिळाले असते. मिळाले २४००. गेले किती? १६००. आणि त्या दोघांचे वाचले किती? ११०० अधिक ५००, बरोबर १६००. पाहिलंत? तो 'फायदा' आकाशातून पडला नव्हता. तिसऱ्याच्या खिशातून निघाला होता. म्हणून पार्कवाले नियम करतात की एकदा वापरायला सुरुवात केलेलं तिकीट दुसऱ्याला देता येणार नाही.

रेल्वेचा कायदा काय म्हणतो?

"पण हा तर त्या कंपनीचा नियम झाला. कायद्यात थोडंच असं काही असतं?" असं कोणी हुशार वाचक विचारील.

असतं बरं का! आपल्या देशाचा रेल्वे कायदा १९८९ सालचा आहे. त्याच्या १४२ व्या कलमात परतीच्या तिकिटाच्या उरलेल्या अर्ध्या भागाचा अगदी स्पष्ट उल्लेख आहे. जाण्याचा प्रवास झाला, येण्याचा राहिला, म्हणून तो उरलेला अर्धा भाग कोणी विकला किंवा विकायचा प्रयत्न केला, तर तो गुन्हा आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्हीही. शिवाय तिकीट जप्त. आणि हे नीट ऐका, तिकीट विकत घेणाराही सुटत नाही. त्यालाही शिक्षा आहे. असं तिकीट घेऊन तो गाडीत बसला, तर तो विनातिकीट प्रवासी समजला जातो. म्हणजे विकणाऱ्याला पैसेही दिले, रेल्वेला दंडही भरला आणि वर चारचौघांत मान खाली गेली!

मात्र रेल्वे आडमुठी नाही हं. आरक्षण केलेल्या माणसाला ऐनवेळी जाता येत नसेल, तर आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पती किंवा पत्नी यांच्यापैकी कोणाच्या तरी नावावर ते तिकीट करून घेता येतं. त्यासाठी गाडी सुटण्याच्या २४ तास आधी आरक्षण कार्यालयात रीतसर अर्ज द्यावा लागतो. सरळ रस्ता असा असतोच. फक्त तो विचारावा लागतो.

आंबा आणि तिकीट

आता घेणाऱ्याच्या बाजूने विचार करू. समजा, त्याला हे नियम माहीतच नाहीत. त्याला वाटतं, 'जुनं सायकल-पुस्तक आपण विकत घेतोच की, तसंच हे.'

पण दोन्हींत मोठा फरक आहे. बाजारात तुम्ही आंबा घेता तेव्हा तो हातात घेऊन, दाबून, वास घेऊन बघता. जुनी सायकल घेताना एक चक्कर मारून बघता. जुन्या पुस्तकाची पानं मोजता येतात. तिकिटाचं काय? त्यावर दोन दिवस शिल्लक आहेत की एकही नाही, हे नुसतं बघून कळतं का?

पूर्वी कळायचं! तुमच्या आजोबांना रेल्वेचं जुनं तिकीट आठवत असेल. बोटाएवढा, जाडसर पुठ्ठ्याचा तुकडा. थॉमस एडमंडसन नावाच्या एका इंग्रज स्टेशनमास्तरने १८३० च्या दशकात ती पद्धत काढली आणि पुढे ती जगभर पसरली. त्या तिकिटाला चिमट्याने खाच पाडत. एसटीचा कंडक्टरही तिकिटाला 'टक्‌टक्' करून भोक पाडायचा. भोक पडलं की तिकीट वापरलं गेलं, हे आंधळ्यालाही चाचपून कळलं असतं.

आता तिकीट म्हणजे मोबाइलवरचा एक काळा-पांढरा चौकोन. त्याला क्यूआर कोड म्हणतात. १९९४ मध्ये जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला. कशासाठी, माहीत आहे? मोटारींच्या कारखान्यात सुट्या भागांचा हिशेब ठेवायला! तोच चौकोन आज आपल्या चहाच्या टपरीवर आणि भाजीच्या गाडीवरही आला आहे.

हा चौकोन म्हणजे खरं तर फक्त एक क्रमांक असतो, चित्राच्या भाषेत लिहिलेला. पार्कच्या फाटकावरचं यंत्र तो क्रमांक वाचतं आणि आतल्या संगणकाला विचारतं, "हा क्रमांक आला आहे. सोडू का?" संगणक आपली यादी बघतो. आधी कोणी आलेलं नसेल तर म्हणतो, "सोड," आणि त्या क्रमांकापुढे खूण करतो. तोच क्रमांक पुन्हा आला तर म्हणतो, "हा तर आत गेला. दुसरा कोण?" फाटक बंद!

म्हणजे खरं तिकीट तुमच्या मोबाइलवर नसतंच मुळी. ते त्या संगणकाच्या यादीत असतं. तुमच्याजवळ असतं फक्त त्याचं चित्र. आणि चित्राच्या प्रती किती काढता येतात? दहा, शंभर, हजार! एक भामटा एकाच तिकिटाचं चित्र दहा जणांना विकू शकतो. दहाही जणांच्या हातात अगदी हुबेहूब तेच तिकीट. जो पहिला फाटकावर पोहोचेल तो आत, बाकीचे नऊ बाहेर. आणि पहिला जाणाराही आत जाईलच असं नाही. त्या तिकिटाचे सगळे दिवस आधीच संपलेले असतील, तर दहाच्या दहा जण बाहेर!

डिस्नेलँडचा पहिला दिवस

तिकिटांची ही लबाडी मोबाइलबरोबर जन्माला आलेली नाही. वॉल्ट डिस्ने यांचं डिस्नेलँड अमेरिकेत कॅलिफोर्नियात १७ जुलै १९५५ रोजी सुरू झालं. पहिल्या दिवशी फक्त निमंत्रितांना प्रवेश होता. पण लोक आले सुमारे २८ हजार, निमंत्रितांपेक्षा कितीतरी जास्त! त्यांतल्या अनेकांच्या हातात चक्क बनावट निमंत्रणपत्रिका होत्या. कडक ऊन, खाण्यापिण्याची टंचाई, पिण्याच्या पाण्याचे नळ पुरेसे नाहीत आणि वर ही गर्दी. ज्यांना रीतसर बोलावलं होतं त्यांचेही हाल झाले. बघा, खोट्या तिकिटाचा त्रास खरं तिकीट घेणाऱ्यालाही होतो तो असा.

पुढे १९७१ मध्ये फ्लोरिडा राज्यात वॉल्ट डिस्ने वर्ल्ड सुरू झालं. ते इतकं मोठं, की बघायला चार-पाच दिवस हवेतच. तिथे अनेक दिवसांची तिकिटं निघाली आणि आपल्या कोड्यातल्या गृहस्थांसारखे लोकही निघाले! उरलेल्या दिवसांची तिकिटं विकणारे दलाल तयार झाले. शेवटी फ्लोरिडा राज्याने त्यावर कायदाच केला. दुसऱ्याला देता येत नाही असं अनेक दिवसांचं तिकीट विकणं हा तिथे गुन्हा आहे. आणि डिस्नेच्या फाटकावर बोट टेकवायचं यंत्र बसलं. पहिल्या दिवशी तुम्ही बोट टेकवलं, की तिकिटाची आणि तुमच्या बोटाची जोडी जमली. दुसऱ्या दिवशी तेच तिकीट घेऊन दुसरं बोट आलं, की यंत्राला संशय आलाच!

तुमचे कोणी दादा-ताई अमेरिकेत असतील आणि म्हणाले, "आमच्या तिकिटावर दोन दिवस उरलेत, तुम्ही आलात की वापरा," तर त्यांना हे जरूर सांगा. ते प्रेमानेच म्हणत असतील. पण बोट काही उसनं देता येत नाही.

नवी मुंबईत काय झालं?

इतकं लांब कशाला, आपल्या राज्यातली अलीकडची गोष्ट घ्या. 'कोल्डप्ले' नावाचा एक इंग्लिश वाद्यवृंद आहे. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्याचे कार्यक्रम झाले. तिकिटांची विक्री सप्टेंबर २०२४ मध्ये 'बुक माय शो' या संकेतस्थळावर सुरू झाली आणि बघता बघता संपली. मूळ तिकिटं २५०० रुपयांपासून ३५ हजारांपर्यंतची होती. पण लगेच दुसऱ्या काही ठिकाणी तीच तिकिटं लाखांच्या घरात विकायला निघाली! 'बुक माय शो'ने लोकांना सावध केलं, की अनधिकृत ठिकाणी घेतलेली तिकिटं ग्राह्य धरली जाणार नाहीत. पोलिसांकडे तक्रारी गेल्या, मुंबई पोलिसांनी चौकशी केली.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्याला एखादी गोष्ट फार म्हणजे फारच हवी असते, तेव्हा आपली अक्कल थोडा वेळ रजेवर जाते. भामटा नेमका तेवढ्याच वेळाची वाट बघत असतो.

भामट्याच्या पाच खुणा

मग ही जाहिरात खरी की खोटी, हे ओळखायचं कसं? या खुणा वहीत लिहून ठेवा.

पहिली खूण, घाई. "आणखी तीन जण मागताहेत. दहा मिनिटांत पैसे पाठवा, नाही तर गेलं!" खऱ्या विक्रेत्याला तुम्ही विचार करण्याची भीती वाटत नाही.

दुसरी खूण, करुण कहाणी. "आई आजारी पडली, म्हणून जाता येत नाही." कहाणी खरीही असू शकते. पण कहाणी म्हणजे पावती नव्हे.

तिसरी खूण, आगाऊ पैसे. आधी थोडे मागतो, मग "नाव बदलायचा आकार" म्हणून आणखी, मग "परत मिळणारी अनामत" म्हणून आणखी. एकदा पाचशे गेले की ते वाचवायला आपण हजार घालतो. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच!

चौथी खूण, तिकिटाचं नुसतं चित्र. मूळ पावती, ज्याच्या नावावर तिकीट आहे त्याचं नाव, तारीख, काहीच स्पष्ट दिसत नाही.

पाचवी खूण सर्वांत महत्त्वाची. "पैसे परत देतो, हा चौकोन स्कॅन करा आणि पिन टाका." थांबा! पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो फक्त पैसे द्यायला. हे वाक्य तुमच्या आजीलाही पाठ करायला लावा. मोबाइलवर आलेला ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, हे तर तुम्हाला ठाऊक आहेच.

आणि एक सूचना उलट बाजूची. तुम्ही स्वतः खरं तिकीट काढलं असेल, तर आनंदाच्या भरात त्याचा फोटो सगळ्या मित्रांना पाठवू नका. त्यातला चौकोन कोणीतरी उतरवून घेईल, तुमच्याआधी फाटकावर दाखवील आणि तुम्हीच बाहेर राहाल!

फाटकावरचा तो क्षण

आता डोळ्यांसमोर आणा. एका घरातले चौघं जण मेहकरहून निघाले आहेत. बाबांनी दुकान एक दिवस बंद ठेवलं आहे. आईने पहाटे उठून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली आहे. चारशेहून जास्त किलोमीटरचा प्रवास झाला आहे. छोटी बहीण रस्ताभर विचारते आहे, "आलं का? आलं का?" शेवटी फाटक येतं. आतून संगीत ऐकू येतं. यंत्रावर मोबाइल धरला जातो आणि लाल दिवा लागतो.

फाटकावरचा माणूस वाईट नसतो. तो म्हणतो, "साहेब, हे तिकीट वापरलेलं आहे. मी काही करू शकत नाही." आणि खरंच तो काही करू शकत नाही.

अशा वेळी गेले किती? फक्त तिकिटाचे दोन-तीन हजार नव्हेत. गाडीभाडं गेलं, दुकानाचा दिवस गेला, मुक्कामाचा खर्च गेला. आता आत जायचं तर पूर्ण दराची तिकिटं पुन्हा घ्यायची, नाही तर रडणाऱ्या बहिणीला घेऊन उलट फिरायचं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तशातली गत! जे वाचवायला गेलो त्याच्या तिप्पट गेलं.

आणि समजा, दिवा हिरवा लागला, तरी? तिकिटावर नाव दुसऱ्याचं आहे. फाटकावरच्या माणसाने तुम्हाला विचारलं, "बाळ, नाव काय तुझं?" आता तुम्ही काय सांगणार? घरातून पढवून आणलं असेल, "विचारलं तर अमुक नाव सांग हं." आई-बाबांनो, हा प्रश्न खास तुमच्यासाठी आहे. पाचशे रुपये वाचवण्यासाठी आपण मुलाच्या तोंडून काय वदवून घेतो आहोत? अर्ध्या तिकिटासाठी बारा वर्षांच्या मुलाला दहाचा करणं आणि दुसऱ्याच्या पासावर त्याला आत नेणं, या दोन्ही गोष्टी एकाच माळेचे मणी. झोपाळ्याची मजा तो चार दिवसांत विसरेल. पण 'बाबांनी मला खोटं बोलायला लावलं' हे काही तो विसरणार नाही.

मग स्वस्तात जायचंच नाही का?

छे, छे! असं कुठं म्हटलं मी? हौसेला मोल नसतं, पण म्हणून खिसा रिकामा करायलाही कोणी सांगत नाही. सरळ मार्गानेही पैसे वाचतात.

तिकीट पार्कच्या स्वतःच्या खिडकीवर, त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा त्यांनी नेमलेल्या विक्रेत्याकडेच घ्या. संकेतस्थळाचं नाव अक्षरन् अक्षर तपासा, कारण भामटे एखादं अक्षर बदलून तसंच दिसणारं दुसरं संकेतस्थळ उभं करतात. सुट्टीच्या दिवसापेक्षा साध्या दिवशी दर कमी असतो का, ते बघा. अनेक पार्कांत लहान मुलांचं तिकीट वयावर नाही, तर उंचीवर ठरतं. तेव्हा निघण्यापूर्वी घरच्या भिंतीवर धाकट्याची उंची मोजा! शाळेची सहल असेल तर तिथे वेगळा दर मिळतो का, हे सरांना आधीच विचारायला सांगा. शालेय सहलीला एसटीही निम्म्या दराची सवलत देते.

आणि तिकीट काढल्यावर जाणं रद्द झालं तर? विकायला निघण्याआधी पार्कलाच विचारा. "तारीख बदलून मिळेल का? पैसे परत मिळतील का?" किती मिळतील, कधीपर्यंत मिळतील, हे तिकिटाच्या अटींत लिहिलेलं असतं. बारीक अक्षरांत असतं, पण असतं. थोडे पैसे बुडाले तरी हरकत नाही. ते आपलं नुकसान असतं, आपण दुसऱ्याच्या गळ्यात मारत नाही.

रीतसर तिकीट घेण्याचा आणखी एक फायदा आहे. पावती हाती असते. पार्कने कबूल केलेलं दिलं नाही, तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो आणि जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते. मोबाइलवरच्या अनोळखी 'राजूभाई'ला मात्र शोधणार कुठं? त्याचं नावही खरं नसतं आणि दुसऱ्या दिवशी त्याचा फोनही लागत नाही.

फसलोच तर?

फसवणूक कोणाचीही होऊ शकते. शिकलेल्यांची, मोठ्यांची, साहेबांचीसुद्धा होते. तेव्हा तुमच्याकडून असं काही झालं, तर सर्वांत आधी घरात सांगा. "बाबा रागावतील" म्हणून लपवून ठेवू नका. कारण इथे मिनिटामिनिटाला किंमत आहे. १९३० हा सायबर फसवणुकीचा सरकारी मदत क्रमांक आहे. पैसे गेल्याबरोबर त्यावर फोन केला, तर ते पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. दोन दिवस रडत बसून मग फोन केला, तर पाखरू उडून गेलेलं असतं. भामट्याशी झालेलं बोलणं पुसून टाकू नका. त्याचा क्रमांक, पैसे पाठवल्याचा संदेश, जाहिरातीचं चित्र, सगळं जपून ठेवा. पोलिसांना तेच लागतं. बँकेलाही लगेच कळवा.

आई-बाबांनो, तुम्हीही एवढं करा. पोराने येऊन सांगितलं तर आधी १९३० लावा, मग हवं तर रागवा. आधी रागावलात तर पुढच्या वेळी ते सांगणार नाही. आणि ते नुकसान दोन हजारांपेक्षा फार मोठं असेल.

जाता जाता एक गंमत. लबाड माणसाला आपण 'चारशेवीस' का म्हणतो? १८६० च्या भारतीय दंडसंहितेत फसवणुकीचं कलम होतं ४२० क्रमांकाचं. त्यावरून तो शब्द रूढ झाला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्यायसंहिता लागू झाली आणि फसवणूक गेली ३१८ व्या कलमात. म्हणजे आता भामट्याला खरं तर 'तीनशेअठरा' म्हणायला हवं! नाव बदललं, खोड मात्र तीच.

या आठवड्याचा उद्योग

घरात जुनी-नवी जेवढी तिकिटं सापडतील तेवढी गोळा करा. एसटीची, रेल्वेची, सिनेमाची, जत्रेतल्या पाळण्याची, मोबाइलवरचीही चालतील. प्रत्येकावर काय लिहिलं आहे ते भिंग घेऊन वाचा. नाव आहे का? तारीख आहे का? 'अहस्तांतरणीय' हा भलामोठा शब्द कुठे सापडतो का? त्याचा अर्थ सोपा आहे. ज्याचं त्यानेच वापरायचं, दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही. किती तिकिटांवर तो सापडला, ते वहीत मांडा आणि आई-बाबांना दाखवा. तुमच्या घरातल्या मोठ्यांनीही ती बारीक अक्षरं आजवर वाचलेली नसतील, पैज लावतो!

मग लागा कामाला. पुढच्या आठवड्यात भेटूच.